यादीतला सतरा नंबर

१

सतरा नंबर गेला होता.

सोळा जागेवर, अठरा जागेवर आणि मधला सतरा बेपत्ता. यादीबाईंनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पडद्यावर तेच कोरडं उत्तर आलं, की अशी फाईल इथे नाही.

"नाही म्हणजे काय? गुरुवारी होती की!" त्या यंत्रालाच म्हणाल्या. खोलीत दुसरं होतंच कोण बोलायला?

तेव्हा इंटरनेट नवंनवं होतं. आजच्यासारखं दोन शब्द टाकले की हवं ते समोर, असली चैन नव्हती. कुठे काय ठेवलंय ते कुणीतरी बसून लिहून ठेवावं लागे. भाषांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींसाठी हे काम विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या या बाई करत. जगात कुठल्या भाषेचा शब्दसंग्रह कोणत्या पानावर आहे, ध्वनिमुद्रणं कुठे ऐकायला मिळतात, एकाचं पत्र सगळ्यांना पोचवणाऱ्या चर्चेच्या टपालयादीत नाव कसं घालायचं, सगळं एका लांबलचक यादीत. तीनशे चाळीस दुवे होते. रोज सकाळी दहाला बाई एकेक दुवा स्वतः उघडून बघत आणि वहीत बरोबरची खूण करत. एवढं काम यंत्राला सांगा की, असं लोक म्हणत. बाई म्हणत, "यंत्राला दार उघडलं की नाही एवढंच कळतं. आत कुणी आहे का, ते मला बघायचं असतं."

म्हणून त्यांना सगळे यादीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं.

जगाच्या चारी दिशांनी त्यांना पत्रं येत, 'आपण आमच्यावर किती उपकार केलेत' वगैरे वगैरे. पण शुक्रवारी बाई तापानं घरी पडून होत्या, तर फोन एकदाही वाजला नाही. शनिवार-रविवार गेला. सोमवारी त्या आल्या तेव्हा त्या नव्हत्या हे कुणाच्या गावीही नव्हतं. राग यायचा तो आला, आणि कुणावर काढणार म्हणून तो वहीवर काढला. शुक्रवारच्या रकान्यात त्यांनी मोठ्ठी फुली मारली.

सतरा नंबर ही 'तळ्याकाठच्या भाषे'च्या सतराव्या फितीची फाईल. एका मोठ्या तळ्याच्या काठी पाच-सात घरांत बोलली जाणारी भाषा, पुढे घरं उठली, माणसं पांगली. भाषाविभागातल्या सरांनी शेवटच्या बाईला शोधून काढलं, तिच्या आवाजात एक्केचाळीस फिती भरल्या. पाच आठवड्यांपूर्वी ती बाई वारली. मग सरांनी फिती यंत्रावर चढवल्या आणि यादीबाईंनी नोंद केली. ध्वनिमुद्रणं एक्केचाळीस, हयात बोलणारे शून्य. ते शून्य टंकताना त्यांचं बोट क्षणभर अडलं होतं.

त्या सतराचा शोध घ्यायला उठणार, तेवढ्यात दारात एक चाळिशीची बाई येऊन उभी राहिली. पायांत नर्सचे पांढरे बूट, खांद्याला पिशवी, चेहरा प्रवासानं ओढलेला.

"तळ्याकाठच्या फिती इथेच ऐकायला मिळतात ना?" ती म्हणाली. "त्या माझ्या आईच्या आहेत. मला सतरा नंबरची ऐकायचीय."

२

यादीबाई आयुष्यात फार खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे जमलंही नाही. "यंत्र जरा रुसलंय," त्या म्हणाल्या. "बस तू आधी. पाणी पी."

लेक बसली. ती इस्पितळात नर्स होती. एक दिवसाची रजा काढून, सात तास बसमध्ये बसून आली होती. परतीची बस संध्याकाळी साडेपाचला.

"मला आईची भाषा येत नाही," ती म्हणाली. "तिनं शिकवलीच नाही. विचारलं तर म्हणायची, तुला काय करायचंय ती? घरात एकटीच बोलायची, भांड्यांशी. शेवटच्या आजारात मात्र म्हणाली, सतरावी फीत जपून ठेवायला सांग, ती एकाची आहे. एकाची म्हणजे कुणाची, ते विचारेपर्यंत तिची शुद्ध गेली."

"तिचं आणखी कुणी?"

"एक भाऊ होता. लहानपणी शिकायला शहरात गेला तो परत आलाच नाही. आई त्याचं नावसुद्धा घेत नसे." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मला सतरावी कळणार नाही, ठाऊक आहे मला. पण ती माझ्याशी मोकळं बोललीच नाही हो कधी. निदान मोकळं बोलताना कशी वाटत होती, एवढं तरी ऐकते."

 यादीबाईंनी चौथी फीत लावायला घेतली. तोवर बातमी लागून माणसं जमली. भाषाविभागाचे सर आले, निवेदिकेची, म्हणजे फितींत बोलणाऱ्या बाईची, मुलगी आलीय म्हटल्यावर त्यांना यावंच लागलं. सर्व्हर सांभाळणारा दाढीवाला आला, ज्याला सगळे 'सिस्टिम' म्हणत. आणि तळघरातल्या सहा नंबरच्या खोलीतून टाइप केलेले कागद घेऊन नाना आले. नानांनी तीस वर्षं टाइपरायटर बडवला होता आणि साठीला टेकल्यावर वेबची पानं टाइप करायला शिकले होते. सरांचे सगळे शब्दसंग्रह त्यांच्याच हातून गेले होते.

उकाडा मी म्हणत होता. पंखा दुरुस्तीला गेलेला, एकुलती एक खिडकी उघडी, तिच्यातून येईल तेवढाच वारा. छोट्याशा स्पीकरमधून म्हातारीचा आवाज सुरू झाला. एकेक शब्द, मग थांबून पुन्हा तोच शब्द. मधेच ती पटकन काहीतरी बोलली, एखादी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पुन्हा शब्द सुरू झाले. लेकीनं दोन्ही हात स्पीकरवर ठेवले होते.

नाना उठले आणि खिडकी लावून आले.

"अहो नाना, गुदमरून मारता काय सगळ्यांना?" सिस्टिम ओरडला.

नाना गोंधळले. "चुकलंच," म्हणत त्यांनी खिडकी पुन्हा उघडली. "वयानं असं होतं."

फीत संपली. लेकीनं डोळे पुसले. "आता सतरावी लावा ना."

यादीबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सर, सिस्टिम, नाना. मग त्यांनी एकदाचं सांगून टाकलं.

"सतरावी नाहीये. कुणीतरी काढून टाकलीय ती. आणि काढणारा या इमारतीतलाच आहे."

३

सिस्टिमची जागा जिन्याखालच्या कोठीत होती. मोडक्या खुर्च्यांच्या मधोमध सर्व्हर घुरघुरत होता.

"तूच ना रे महिनाभर बोंब मारतोयस की जागा संपली, फिती उडवा म्हणून?"

"मारतोय की! अजून मारतोय!" सिस्टिम उसळला. "पण बाई, जागा हवी असती तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उडवल्या असत्या. एक पेन्सिल फेकून कपाट रिकामं होतं का?"

हे पटण्यासारखं होतं. "नक्कल तरी असेल ना?"

"दर शुक्रवारी संध्याकाळी टेपवर घेतो. टेप एकच, जुन्यावरच नवीन. फाईल उडालीय शुक्रवारी दुपारी एक चाळीसला. म्हणजे संध्याकाळच्या नकलेतही नाही." त्यानं मान खाजवली. "ज्यानं केलं त्याला हे ठाऊक असावं, नाहीतर त्याचं नशीब जोरदार."

"आणि पासवर्ड?"

"सहा नंबरच्या खोलीत, कीबोर्डाखाली चिठ्ठी आहे."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"मग तो पासवर्ड कसला मेला! पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली झाली ती," बाई म्हणाल्या.

त्यानं भेटींची नोंद छापून दिली, म्हणजे कुठल्या यंत्रावरून, कधी, कोणती फीत उघडली गेली त्याचा हिशेब. बाई तिथेच एका मोडक्या खुर्चीवर टेकून वाचू लागल्या. परदेशी मंडळी आली होती ती दोन-दोन मिनिटांसाठी. शब्दांची यादी उतरवून घेतली की चालती झाली. त्यांचं काही चुकलं असंही नाही, अभ्यासक असेच येतात.

पण एकानं तसं केलं नव्हतं. सहा नंबरच्या खोलीतल्या यंत्रावरून, दुपारी दीड ते दोन, रोज एक फीत. पहिल्या दिवशी पहिली, दुसऱ्या दिवशी दुसरी. एकही दिवस खाडा नाही, एकही फीत गाळलेली नाही. सतरावी गेल्या मंगळवारी एकदा. बुधवारी चार वेळा. गुरुवारी सहा वेळा. आणि शुक्रवारी ती नाहीशी.

 जगात एकच माणूस त्या म्हातारीचं बोलणं रोज शेवटपर्यंत ऐकत होता, आणि त्यानंच ते नाहीसं केलं होतं.

४

सर आपल्या टेबलाशी घामाघूम होऊन बसले होते.

"मूळ कॅसेट कुठाय, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "कॅसेटींची किती टंचाई असते तुम्हाला माहीत आहे, बाई. फिती यंत्रावर चढल्या, मग मी त्या कॅसेटींवर... म्हणजे, माझी व्याख्यानं भरली."

"म्हातारीच्या आवाजावर तुमची व्याख्यानं!"

"बोला, बोला. मीही स्वतःला तेच बोलतोय सकाळपासून."

बाई थेट मुद्द्यावर आल्या. "सतरावीचं भाषांतर तुम्ही कुठेच दिलेलं नाही. का?"

"कारण मला ती कळत नाही!" सर एकदम म्हणाले. "शब्द विचारले की बाई सावकाश सांगायच्या. सतराव्या वेळी मी पाणी प्यायला बाहेर गेलो, यंत्र चालूच राहिलं. त्या आपल्या भरभर काहीतरी बोलल्या. शेवटाकडे दोन मिनिटं तर नुसती रिकामी आहेत, आणि मग एखादा शब्द. कोशाच्या प्रस्तावनेत मी लिहून बसलोय की ही भाषा मी आत्मसात केली आहे."

"म्हणजे ती फीत नसलेलीच बरी, तुमच्या दृष्टीनं."

"तसं असतं तर गुरुवारी मी टपालयादीवर आवाहन कशाला केलं असतं? हजार अभ्यासकांना लिहिलंय, सतरावी ऐका, उलगडा करा, मदत करा म्हणून. नाकच कापून घेतलंय मी. विचारा नानांना, त्यांनीच टाइप केलं."

हेही खरं होतं. ज्याला गाठ सोडवून हवी आहे तो दोरी कशाला जाळेल?

"ती बाई कोण, कुठली, हे इथे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. आमच्यात निवेदकाचं नाव फोडत नाहीत, त्यांना तसा शब्द दिलेला असतो. कागदोपत्री त्या 'निवेदिका एक'. लोक विचारतात. नानासुद्धा विचारत होते महिन्यापूर्वी, ही बाई राहते कुठे म्हणून. म्हटलं, आता कुठलं राहायचं, गेल्या त्या."

बाईंनी सरांच्या हस्तलिखित वह्या मागून घेतल्या आणि निघाल्या. वाटेत तळघरात सहा नंबरला डोकावल्या. कोपऱ्यात जुना टाइपरायटर आच्छादनाखाली झाकलेला. नाना खाली मान घालून टाइप करत होते.

"नाना, दीड ते दोन या खोलीत कोण असतं?"

"कुणीही येतं. दार उघडंच असतं. मी डबा घेऊन बागेत जातो, बाकावर."

"ती सतरावी तुम्ही कधी ऐकलीत?"

"मला काय कळतंय त्यातलं, बाई? मी आपला टाइप करतो." त्यांनी मान वर केली नाही. "त्या मुलीची बस किती वाजता आहे?"

"साडेपाच."

नानांच्या बोटांचा आवाज थांबला. 

बाई वर आल्या तर पडद्यावर उत्तर येऊन पडलेलं. या यादीची आणि फितींची एक प्रत दूरच्या एका विद्यापीठात ठेवलेली असे, तिला 'आरसा' म्हणत. इथलं यंत्र बंद पडलं तर लोकांनी तिथे जावं, ही त्या काळची पद्धत. तो आरसा सांभाळणाऱ्या माणसाला बाईंनी सकाळीच लिहिलं होतं. यादी सुरू झाल्यापासूनची ओळख, पण तोंड कधी पाहिलेलं नाही. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'आमचा आरसा रोज तुमच्या यंत्राशी जुळवून घेतो. तुमच्याकडे जे पुसलं जातं, ते आमच्याकडेही पुसलं जातं. फार वाईट वाटतं.'

म्हणजे तीही वाट बंद झाली. वाचनकक्षात ती लेक घड्याळाकडे बघत बसली होती, आणि तीन वाजून गेले होते.

५

यादीबाईंनी दार लावून घेतलं आणि वही उघडली. दुवे तपासायची सवय होती, तसाच विचारही एकेक करून तपासायचा.

एक्केचाळीस फितींतून एकच का गेली? नावं सगळ्यांची सारखी, नुसते आकडे. वरून बघून सतरावीत काय आहे ते कुणालाही कळलं नसतं. सरांनाही कळलं नव्हतं. मग काढणाऱ्यानं नेमकी तीच का निवडली?

ती ऐकून त्याला कळली म्हणून.

बाईंनी पेन खाली ठेवलं.  कळली! अहो, पण कळणारी शेवटची बाई तर पाच आठवड्यांपूर्वी गेली. त्यांनी स्वतःच्या हातानं शून्य टंकलं होतं.

ते शून्य चुकीचं होतं तर?

त्यांनी सरांची वही आणि नानांनी टाइप केलेलं पान शेजारी शेजारी ठेवलं. एकेक ओळ. सरांच्या वहीत एका शब्दापुढे 'मोठी टोपली'. पानावर त्याच शब्दापुढे 'धरलेले मासे पाण्यात जिवंत ठेवायची टोपली'. वहीत 'पाऊलवाट', पानावर 'पाणी ओसरल्यावरच दिसणारी पाऊलवाट'. अशा अकरा जागा निघाल्या. सर आपले खूश होते, की टाइप होऊन आलं ते आपलंच. कधी ताडून पाहिलं नाही.

मग त्यांनी वहीतलं चौथ्या फितीचं पान काढलं. शब्दांच्या मधे, कंसात, सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथे निवेदिका मला म्हणाली, खिडकी लाव, धूर आत येतोय. मी उठून लावली.' ही ओळ वेबच्या पानावर नव्हती. ती फक्त या वहीत होती आणि म्हातारीच्या आवाजात होती.

यादीबाई खिडकीशी गेल्या. खाली बाग दिसत होती, बागेत एकुलता एक बाक. रोज दुपारी दीडला त्या याच खिडकीशी बसून एकट्या डबा खात. गेला महिनाभर त्या बाकावर कबुतरांखेरीज कुणी बसलं नव्हतं. असं कसं आपल्या लक्षात आलं नाही? आलं होतं खरं तर. वाटलं होतं, बाकालाही कुणी नाही.

घड्याळात पावणेचार झाले होते. बाई तळघराकडे निघाल्या.

६

"नाना," त्या दारातूनच म्हणाल्या, "एवढ्या उकाड्यात तुम्ही खिडकी का लावलीत?"

नानांनी टाइप करणं थांबवलं.

"तिनं सांगितलं म्हणून लावलीत ना?"

नानांनी खुर्ची मागे सरकवली. मग नाना म्हणाले, "सवयच तशी होती. ताईनं एक काम सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला लावायचं नाही." आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

यादीबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या.  नाना आपणहून बोलत गेले.

"आठवीत होतो, शहरातल्या शाळेत. ताई तळ्याकाठून चालत आली डबा घेऊन, पहाटे निघून. फाटकाशी उभी राहून मला हाका मारायला लागली, आमच्या भाषेत. पोरं हसायला लागली. कोण रे ती, काय बडबडते? मी म्हटलं, मी नाही ओळखत, काय बोलते मला कळत नाही. तिनं ऐकलं ते. उभी राहिली जरा वेळ, आणि डबा घेऊन परत गेली. त्या दिवसापासून मी घरी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? तेव्हापासून मला ती भाषा येत नाही, बाई. कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, ती गेली तेव्हासुद्धा नाही."

"पण शब्द तर दोन वर्षं टाइप करत होतात तुम्ही."

"पहिल्याच पानाला ओळखले. घामच फुटला. वाटलं, आपल्याकडचं कुणीतरी जिवंत आहे. पण निवेदिका एक! नाव नाही, गाव नाही. नुसतं विचारलं असतं सरांना आणि थोडा जरी पत्ता लागला असता, तर जीव खाऊन शोधलं असतं मी. दोन वर्षं नाही विचारलं. विचारलं तर म्हणतील, नाना, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? मग महिन्यापूर्वी आवाज चढला यंत्रावर. पहिली फीत लावली आणि ताई! धावत सरांकडे गेलो, तर म्हणे, गेल्या त्या."

"आणि सतरावी?"

"सतरावी माझ्या नावचं पत्र आहे. आणि सरांनी मलाच टाइप करायला लावलं, हजार लोकांना, की या आणि हे उघडून वाचा. नाही सोसलं मला." नानांनी नाक पुसलं. "तुम्ही शुक्रवारी नव्हतात. चौकशी करायला फोन उचलला होता, पण नंबरच ठाऊक नव्हता. तुम्ही असतात तर कदाचित वर येऊन सांगितलं असतं सगळं."

यादीबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. 

"टाकून दिलीत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

नाना उठले, कोपऱ्यात गेले आणि टाइपरायटरचं आच्छादन उचललं. आत तीन फ्लॉप्या होत्या, रबरबँडनं बांधलेल्या.

"तुमची भाची वर बसलीय," यादीबाई म्हणाल्या. "सात तास प्रवास करून आलीय, आणि तिला त्यातला एक शब्दही कळणार नाही."

"तिला काय सांगू? तुझ्या आईला ओळखत नाही म्हणणारा तो मी?"

"तेच सांगा," बाई म्हणाल्या. "साडेपाचची बस आहे तिची. उठा."

७

सहा नंबरच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि तिघंच होती. सर आणि सिस्टिम यांना बाईंनी दाराबाहेरच थांबवलं, आणि नवल म्हणजे दोघं मुकाट थांबले.

नानांनी तिला सगळं सांगितलं होतं, शाळेच्या फाटकासकट. लेक दगडासारखी बसून होती. रागावली होती की काय, ते कळायला मार्ग नव्हता. ती एवढंच म्हणाली, "लावा."

म्हातारीचा आवाज सुरू झाला, भरभर, मोकळा, मधेच हसणारा. नाना एकेक वाक्य थांबवत मराठीत सांगू लागले.

"म्हणते, हा साहेब पाणी प्यायला गेलाय, तेवढ्यात बोलून घेते. म्हणतो हे यंत्र साऱ्या जगात ऐकू जातं. मग तुझ्यापर्यंतही जाईलच... म्हणते, त्या दिवशी तू डबा घेतला नाहीस, मी वाटेत झाडाखाली बसून खाल्ला. चांगला झाला होता, तुझंच नुकसान." नाना हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणते, राग होता. पुष्कळ वर्षं होता. मग रागाचाही कंटाळा आला... पोरीला मी भाषा शिकवली नाही. तिला कुणी फाटकावर हसू नये म्हणून. ते चुकलंच माझं. आता घरात बोलायला कुणी नाही."

लेक एकदम रडायला लागली. "माझ्यासाठी नाही शिकवली? मला वाटायचं, मी लायक नव्हते."

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवावा की न ठेवावा अशा बेतानं हात उचलला. तिनंच तो ओढून घेतला. "पुढे सांगा, मामा."

"पुढे... म्हणते, तू ऐकत असशील तर एकदा उत्तर दे. मी थांबते."

मग फितीत काहीच नव्हतं. लांबवर कुठेतरी पाणी हलल्यासारखा आवाज, आणि म्हातारीचा श्वास. सरांनी ज्यांना रिकामी म्हटलं होतं ती हीच दोन मिनिटं. तिनं भावाला बोलायला जागा सोडली होती.

"रोज इथेच अडतो मी," नाना कुजबुजले. "अकरा वेळा लावली. तोंड उघडत नाही."

"आज उघडा," यादीबाई म्हणाल्या.  "ती थांबलीय ना तिथे!"

नाना यंत्राकडे वळले. पहिला शब्द नीट निघालाच नाही. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. साठीचा माणूस, पण आवाज निघाला तो शाळकरी मुलाचा. पाच-सहा शब्दच असतील. बोलून झाल्यावर ते थांबले. फितीत श्वास चालू होता. दहा मोजावे इतका वेळ गेला.

मग स्पीकरमधून म्हातारी एकच शब्द बोलली, आणि फीत संपली.

"काय म्हणालात तुम्ही?" लेकीनं विचारलं.

"म्हटलं, ताई, मी तुला ओळखतो. तू बोलतेस ते सगळं मला कळतं."

"आणि आई? आई काय म्हणाली?"

"बरं," नाना म्हणाले. "बरं, म्हणाली."

साडेपाचची बस निघून गेली. लेकीनं इस्पितळात फोन करून आणखी एक दिवसाची रजा मागितली. सतरावी फीत यंत्रावर परत चढली नाही. सरांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, उलट टपालयादीवर दोन ओळी लिहिल्या, की सतराव्या फितीचा उलगडा झाला असून ती खासगी आहे. त्या दोन ओळी त्यांनी स्वतःच टाइप केल्या, चार चुका करून.

मंगळवारी सकाळी दहा वाजता यादीबाईंनी दुवे तपासायला घेतले. तळ्याकाठच्या भाषेची नोंद आली तशी त्यांनी शून्य पुसून तिथे एक लिहिला. संपर्काच्या रकान्यात लिहिलं, 'खोली क्रमांक सहा, दुपारी दीड ते दोन.'

आणि दीड वाजता त्या आपला डबा घेऊन खाली गेल्या.